टाके निघाल्यानंतरची दहा वर्षे

रत्नागिरी शहराला खेटून असलेल्या मिरजोळे गावात एका बाजूला औद्योगिक वसाहतीतील कारखाने आहेत आणि दुसऱ्या बाजूला भातखाचरे व आंब्याच्या बागा. या सर्व ठिकाणी राबणाऱ्या पुरुषांमध्ये एक दुखणे असे आहे, की ज्याची चर्चा चारचौघांत होत नाही. जांघेत गाठ येते. उभे राहिले, खोकला आला वा वजन उचलले की ती फुगते आणि आडवे झाले की आत जाते. वैद्यकीय मराठीत तिला अंतर्गळ म्हणतात. व्यवहारात ‘हर्निया’ हाच शब्द रुळला आहे. लाजेपोटी, रोजगार बुडेल या धास्तीने किंवा ‘दुखत तर नाही’ अशी समजूत घालून कित्येक जण ही गाठ वर्षानुवर्षे लपवतात. शेवटी कधीतरी शस्त्रक्रिया होते, आठ-दहा दिवसांत टाके निघतात, आणि रुग्णालयाच्या दप्तरी प्रकरण संपते.

वास्तविक तेथे ते सुरू होते. ही शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही, याचा निर्णय आठव्या दिवशी होत नाही. तो पाचव्या, दहाव्या वर्षी होतो. गाठ पुन्हा आली का, जांघेत कायमचे दुखणे मागे राहिले का आणि माणूस पूर्वीसारखे काम करू लागला का, या तीन प्रश्नांची उत्तरे काळच देतो. अडचण अशी, की ती ऐकून लिहून ठेवणारी व्यवस्था आपल्याकडे जवळजवळ नाही.

दुखणे किरकोळ, संख्या प्रचंड

पोटाच्या भिंतीचा जांघेजवळचा भाग पुरुषांत जन्मतःच काहीसा दुबळा असतो. गर्भावस्थेत वृषण पोटातून खाली उतरतात, त्या वाटेवर ही कच्ची जागा मागे राहते. काहींमध्ये ती वाट नीट बुजत नाही. काहींमध्ये वयोमानाने भिंतीचे स्नायू आणि तंतू सैल पडतात. त्या फटीतून पोटाच्या आतील आवरण आणि प्रसंगी आतडे बाहेर डोकावते. पुरुषाला आयुष्यात कधीतरी जांघेतील हर्निया होण्याची शक्यता सुमारे २७ टक्के, तर स्त्रीला सुमारे ३ टक्के असल्याचे मानले जाते. जगभरात दर वर्षी या विकाराच्या सुमारे दोन कोटी शस्त्रक्रिया होतात. एवढ्या प्रमाणावर होणाऱ्या शस्त्रक्रियेत शेकडा दोन-चारांचा फरकसुद्धा लाखो माणसांच्या आयुष्याचा फरक ठरतो.

जड ओझे उचलल्यानेच हर्निया होतो, हा समज कोकणात काय किंवा अन्यत्र काय, सारखाच दृढ आहे. शास्त्रीय पुरावा मात्र त्याला तितकासा अनुकूल नाही. आनुवंशिकता, वय आणि शरीरातील तंतूंची जात यांचा वाटा मोठा आहे. ओझे हे बहुधा आधीच असलेली फट उघडी पाडते. हा भेद केवळ पुस्तकी नाही. शस्त्रक्रियेनंतर माणसाने कामावर कधी परतावे, हा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे.

शिवण्यापासून जाळीपर्यंत

या शस्त्रक्रियेचा आधुनिक इतिहास इटलीतील पाडुआ येथील एदोआर्दो बास्सिनी यांच्यापासून सुरू होतो. १८८७ च्या सुमारास त्यांनी पोटाची सैल भिंत थरांनुसार शिवून घट्ट करण्याची पद्धत मांडली. त्यांचे मोठेपण टाक्यांपुरते नव्हते. आपल्या रुग्णांचा त्यांनी काही वर्षे पाठपुरावा केला आणि किती जणांची गाठ परत आली, ते जाहीरपणे सांगितले. तोवर शस्त्रक्रियेनंतर गाठ परत येणे हा जणू नियमच होता.

पुढील शंभर वर्षे सर्जन या पद्धतीत सुधारणा करीत राहिले. तथापि एक मूळ दोष कायम होता. फटीच्या दोन्ही कडा ओढून एकत्र शिवल्या की त्यांवर ताण येतो, आणि ताण आलेला दुबळा तंतू कालांतराने पुन्हा फाटतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर पॉलिप्रॉपिलीनची जाळी उपलब्ध झाली आणि अमेरिकेतील आयर्विंग लिक्टेनस्टाइन यांनी १९८० च्या दशकात कडा न ओढता फटीवर जाळीचे ठिगळ बसविण्याची पद्धत रूढ केली. शरीरातील तंतू जाळीच्या छिद्रांतून वाढतात आणि नवी भिंत तयार होते.

नेदरलँड्समधील एका अभ्यासात ३०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली होती. एका गटाची फट नुसती शिवली, दुसऱ्याला जाळी बसविली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दीर्घकालीन निष्कर्षांनुसार, दहा वर्षांत शिवलेल्या गटात १७ टक्के रुग्णांची गाठ परत आली. जाळीच्या गटात हे प्रमाण १ टक्का होते. २०१८ मध्ये ‘कॉक्रेन’ या संस्थेने २५ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा फरक थोडा सौम्य दिसला: जाळीच्या दर ४६ शस्त्रक्रियांमागे एक पुनरुद्भव टळतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. पहिल्यात शिवणकाम जुन्या वळणाचे आणि पाठपुरावा दीर्घ होता; दुसऱ्यात निरनिराळ्या पद्धती आणि बहुतांशी लहान मुदती एकत्र आल्या. पाठपुरावा जितका आखूड, तितके यश अधिक भासते, ही गोष्ट येथे विसरून चालत नाही.

परत न आलेली गाठ आणि न गेलेली वेदना

गाठ परत येण्याचे प्रमाण घसरल्यावर वैद्यकविश्वाचे लक्ष दुसऱ्या प्रश्नाकडे वळले. जाळी जेथे बसते त्या परिसरातून तीन संवेदी मज्जातंतू जातात. त्यांना इजा झाली, टाक्यात एखादा अडकला किंवा जाळीभोवतीच्या जखमेच्या कठीण उतीत गुंतला, तर वेदना मागे राहते. हर्नियावरील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. दैनंदिन हालचालींत अडथळा आणणारी आणि तीन महिन्यांहून अधिक टिकणारी वेदना १० ते १२ टक्के रुग्णांना जाणवते, असे त्यांत नमूद आहे. बहुतेकांची वेदना काळाबरोबर ओसरते. थोड्यांची मात्र वर्षानुवर्षे सोबत करते. तरुण वय, स्त्री असणे, शस्त्रक्रियेपूर्वीच अधिक दुखत असणे आणि दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागणे, ही त्यातील धोक्याची लक्षणे होत.

कारखान्यात आठ तास उभ्याने काम करणाऱ्याच्या दृष्टीने ही बाब गाठीइतकीच महत्त्वाची आहे. गाठ परत आलेली दिसते, दाखवता येते. वेदना दाखवता येत नाही. ‘शस्त्रक्रिया उत्तम झाली आहे, हे मनाचे खेळ आहेत’ असे ऐकून रुग्ण घरी परततो आणि नोंद मात्र ‘यशस्वी’ अशीच राहते.

महाराष्ट्राने दिलेली दोन उत्तरे

या जागतिक चर्चेत महाराष्ट्राचा वाटा लक्षणीय आहे, हे मराठी वाचकांना फारसे ठाऊक नाही. पुण्याचे शल्यचिकित्सक डॉ. मोहन देसरडा यांनी २००१ मध्ये युरोपातील एका शल्यचिकित्सा नियतकालिकात ४०० रुग्णांवरील आपल्या पद्धतीचा वृत्तांत मांडला. बाहेरून काही न घालता, रुग्णाच्याच पोटाच्या बाह्य स्नायुपटलाची एक पट्टी, तिचा मूळ आधार न तोडता, दुबळ्या भिंतीवर शिवायची, अशी ही युक्ती. पट्टी स्नायूला जोडलेलीच राहत असल्याने ती हालचालीबरोबर ताणली व सैल होते, असा त्यामागील विचार आहे. पोलंडमधील सर्जनांनी २०८ पुरुषांवर देसरडा आणि लिक्टेनस्टाइन या पद्धतींची तुलना केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन वर्षांच्या अवधीत दोन्ही गटांत प्रत्येकी दोघांचीच गाठ परत आली होती. जाळीशिवाय जाळीइतकेच यश, ही मोठीच गोष्ट म्हणावी लागेल. तरीही तीन वर्षे म्हणजे दहा वर्षे नव्हेत, आणि शिवणकामातील दोष उशिराने उघडे पडतात, हे नेदरलँड्सच्या अभ्यासाने शिकविले आहेच.

दुसरे उत्तर धुळे जिल्ह्यातील दोंडाईच्याचे. तेथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्यापुढचा प्रश्न ग्रामीण होता. कंपनीची जाळी महाग, रुग्ण गरीब, आणि जाळीविना दर्जा राखणे कठीण. त्यांनी मच्छरदाणीचे विशिष्ट कापड निवडले, ते कापून, निर्जंतुक करून वापरले, आणि अन्य सर्जनांना बरोबर घेऊन २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’मध्ये त्याचे प्राथमिक निष्कर्ष प्रसिद्ध केले. आरंभी या कल्पनेकडे साशंकतेने पाहिले गेले. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर मच्छरदाणीच्या कापडाची स्वस्त जाळी आणि कंपनीची जाळी यांची काटेकोर तुलना झाली आणि २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने ती छापली. एक वर्षानंतर स्वस्त जाळीच्या गटात एका रुग्णाची गाठ परत आली होती, महागड्या जाळीच्या गटात एकाचीही नाही. दोन्हींत म्हणण्याजोगा फरक नव्हता. किमतीतील तफावत मात्र एका डॉलरपासून सव्वाशे डॉलरपर्यंतची होती.

अर्थात बाजारातील कोणतीही मच्छरदाणी कापून पोटात घालावी, असा याचा अर्थ नव्हे. धाग्याचे रसायन, छिद्रांचा आकार आणि उष्णतेने निर्जंतुक करताना कापड टिकते का, हे तपासलेले असावे लागते. मुद्दा एवढाच, की दर्जेदार उपचार हा नेहमी महागच असतो, ही समजूत दोंडाईच्याच्या शस्त्रक्रियागृहाने खोटी ठरविली.

हात कोणाचा, हेही महत्त्वाचे

पद्धतींच्या वादात एक घटक झाकला जातो. तो म्हणजे सर्जनचा सराव. कॅनडात टोरंटोजवळ १९४५ पासून चालत आलेले शाउल्डाइस रुग्णालय केवळ हर्नियाच्या शस्त्रक्रिया करते, आणि त्याही प्रामुख्याने जाळीविना, शिवून. २०१६ मध्ये ऑन्टारिओ प्रांतातील दोन लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा या रुग्णालयात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण एक टक्क्याच्या किंचित वर, तर इतर सर्वसाधारण रुग्णालयांत पाच टक्क्यांच्या आसपास आढळले. पाठ्यपुस्तकात मागे पडलेली पद्धतसुद्धा सरावलेल्या हातात नव्या पद्धतीला मागे टाकते, असा त्याचा अर्थ. अर्थात हे रुग्णालय आपले रुग्ण निवडून घेते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियेबाबतही हेच घडले. मुंबईत १९९० मध्ये डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी जे. जे. रुग्णालयात भारतातील दुर्बीण-शस्त्रक्रियेची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हापासून ‘दुर्बिणीने’ हा शब्द रुग्णांच्या तोंडी प्रतिष्ठेचा झाला. लहान छेद, कमी वेदना आणि लवकर कामावर परतणे, हे तिचे फायदे निर्विवाद आहेत. परंतु अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दोन वर्षांनंतर दुर्बिणीच्या गटात सुमारे १० टक्के आणि छेद देऊन जाळी बसविलेल्या गटात सुमारे ५ टक्के रुग्णांची गाठ परत आली होती. ज्या सर्जनांच्या गाठी अशा अडीचशेहून अधिक शस्त्रक्रिया होत्या, त्यांचे निकाल मात्र बरेच सरस होते. आज मार्गदर्शक तत्त्वे दुर्बिणीला झुकते माप देतात, ते ‘अनुभवी सर्जन आणि साधने उपलब्ध असतील तर’ या अटीवर. ‘कोणत्या पद्धतीने करणार?’ यापेक्षा ‘वर्षाला किती करता आणि किती परत आल्या?’ हा प्रश्न रुग्णाच्या अधिक हिताचा आहे. तो विचारणे उद्धटपणाचे मानले जाते, एवढेच.

थांबता येते, पण किती?

गाठ दिसली की लगेच शस्त्रक्रिया हवीच का, यावरही दीर्घ अभ्यास झाला आहे. अमेरिकेत ७२० पुरुषांवर झालेल्या आणि २००६ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत असे दिसले, की फारसा त्रास नसलेल्या पुरुषांनी वाट पाहिली, तर आतडे अकस्मात अडकण्याचा धोका हजारी दोनपेक्षाही कमी, तोही वर्षाला. धीर धरणे सुरक्षित होते. पण त्याच रुग्णांचा पुढे मागोवा घेतला, तेव्हा दहा वर्षांत सुमारे ६८ टक्के जणांनी वेदना वाढल्यामुळे शेवटी शस्त्रक्रिया करून घेतलीच, असे २०१३ मध्ये स्पष्ट झाले. सल्ल्याचे स्वरूप पाठपुराव्याने कसे बदलते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

यातही तारतम्य हवे. रुग्णालय जवळ असलेल्या माणसाचे थांबणे आणि पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या वाडीवरच्या माणसाचे थांबणे, सारखे नसते. गाठ एकाएकी कडक झाली, आत जाईनाशी झाली, उलट्या सुरू झाल्या, तर काही तासांतच आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते. स्त्रियांच्या बाबतीत तर वाट पाहण्याचा सल्ला दिलाच जात नाही. त्यांच्यात मांडीच्या बाजूने उतरणारा हर्निया अधिक आढळतो आणि तो अडकण्याचा संभव कितीतरी मोठा असतो.

कोकणातील निसटते रुग्ण

येथे मिरजोळ्याकडे परत यावे लागते. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. या आकड्यामागे मुंबईकडे गेलेल्या चाकरमान्यांच्या पिढ्या उभ्या आहेत. ऐन उमेदीची वर्षे मुंबईत घालवून माणूस साठीच्या उंबरठ्यावर गावी परततो, आणि हर्नियाचा धोका नेमका याच वयात वाढतो. कोणाची शस्त्रक्रिया परळला, कोणाची रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात, कोणाची कोल्हापुरात झालेली असते. गाठ परत आली तर तो पहिल्या सर्जनकडे जात नाही. जेथे असेल तेथील दुसऱ्याकडे जातो. त्यामुळे पहिल्याच्या खात्यावर यश जमा राहते आणि दुसऱ्याच्या खात्यावर नवा रुग्ण. दोघेही प्रामाणिक, तरी हिशेब चुकीचा.

स्वीडनने १९९२ मध्ये आणि डेन्मार्कने १९९८ मध्ये हर्नियाच्या राष्ट्रीय नोंदवह्या सुरू केल्या, त्या याच कारणासाठी. प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक असल्याने त्याची दुसरी शस्त्रक्रिया कोठेही झाली, तरी पहिलीशी जोडली जाते. कोणती पद्धत, कोणती जाळी आणि कोणते रुग्णालय मागे पडते, हे काही वर्षांत उघड होते. सर्व रुग्णालयांना बांधील असणारी अशी देशव्यापी नोंदवही भारतात नाही. वास्तविक साधने आता हाताशी आहेत. २०२१ पासून देशभर राबविल्या जाणाऱ्या डिजिटल आरोग्य मोहिमेत प्रत्येकाला आरोग्य क्रमांक देण्याची सोय आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, ती २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. २०२३ मध्ये तिची व्याप्ती सर्व कुटुंबांपर्यंत आणि पाच लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. सरकार शस्त्रक्रियांची देयके फेडते, म्हणजे त्यांची यादी त्याच्याजवळ असते. ज्या शस्त्रक्रियेचे पैसे जनतेने दिले, तिचे पाच वर्षांनंतर काय झाले, हे विचारण्याचा अधिकारही जनतेचा आहे.

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. शस्त्रक्रियेनंतर एक, पाच आणि दहा वर्षांनी दूरध्वनीवरून तीन प्रश्न विचारावेत: गाठ पुन्हा दिसते का, दुखते का, काम पूर्ववत सुरू आहे का? ‘हो’ म्हणणाऱ्यास तपासणीला बोलवावे. रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. आशा सेविकांच्या साहाय्याने एका जिल्ह्यापुरता हा पाठपुरावा हाती घेणे, हे विद्यार्थ्यांसाठी शिक्षण आणि जिल्ह्यासाठी सेवा ठरेल. चाकरमान्यांचा जिल्हा असल्याने तो अवघड आहे. पण गणेशोत्सव आणि शिमग्याला सारा गाव घरी असतो, ही सोय अन्य कोठे आहे?

आणखी एक छोटी सुधारणा रुग्णालयांना उद्यापासून करता येईल. डिस्चार्ज कार्डावर ‘हर्नियाची शस्त्रक्रिया’ एवढेच न लिहिता, उजवी की डावी बाजू, कोणती पद्धत, कोणती जाळी आणि मज्जातंतूंबाबत काय केले, हे स्पष्ट लिहावे. दहा वर्षांनी दुसऱ्या सर्जनला पुन्हा छेद घ्यावा लागला, तर या चार ओळी अमूल्य ठरतात.

विश्रांतीची किंमत

शेवटी रोजगाराचा प्रश्न. ‘तीन महिने वजन उचलू नका’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे मात्र सांगतात, की गुंतागुंत नसेल, तर वेदना सहन होईल त्या बेताने रुग्णाने लवकरात लवकर नेहमीच्या हालचाली सुरू कराव्यात. दीर्घ निर्बंधांनी पुनरुद्भव टळतो, असा पुरावा नाही. अवजड कामाबाबत सर्जनने रुग्णागणिक निर्णय घ्यावा, हे खरेच. पण सरसकट तीन महिन्यांची सक्ती, ही रोजंदारीवरच्या माणसाला शस्त्रक्रियेपासून परावृत्त करणारी सर्वांत मोठी भिंत आहे. आंब्याच्या हंगामात पेट्या उचलणाऱ्याला किंवा चिरेखाणीवर जांभा काढणाऱ्याला तीन महिने घरी बसणे परवडत नाही. तो गाठ बांधून, पट्टा लावून काम करत राहतो आणि अखेर रात्री-अपरात्री, आतडे अडकल्यावर, रुग्णालयात येतो. ठरवून केलेली सोपी शस्त्रक्रिया मग जिवावरची होते.

बास्सिनींनी एकोणिसाव्या शतकात, टपालाच्या आणि टांग्याच्या काळात, आपल्या रुग्णांचा ठावठिकाणा ठेवला. आज मिरजोळ्यातील प्रत्येक घरात मोबाइल आहे. टाके निघाल्यानंतर रुग्णाला एक फोन करणे, हे तंत्रज्ञानाचे काम राहिलेले नाही. ते इच्छेचे आहे.